फडके धुवावे कसे आणि वेगळे ठेवावे का

हल्ली हाटात, ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानांत आणि मोटारसायकली धुणाऱ्यांकडे मऊ, लवदार, रंगीत फडकी मिळू लागली आहेत. निळी, हिरवी, गुलाबी, पिवळी. त्यांना मायक्रोफायबरचे कापड म्हणतात. आपल्या घरांतही ती आली आहेत. ट्रॅक्टरची काच, सौर पंपाच्या पट्ट्या, दूरदर्शनचा पडदा, स्वयंपाकाचा ओटा, सगळीकडे तीच फिरतात. त्यांच्याबद्दल भगिनींची तक्रार मात्र एकच ऐकू येते: महिना-दोन महिने छान पुसते, मग कडक होते, पाणी ओढत नाही आणि वास मारू लागते.

दहांतील नऊ वेळा दोष कापडाचा नसतो, धुण्याचा असतो. आणि धुण्याचा प्रश्न केवळ फडक्यापुरता नसून गोठ्यातील गाईपर्यंत आणि फवारणी करणाऱ्याच्या श्वासापर्यंत जातो, म्हणून या वेळी हे पान फडक्याला दिले आहे.

प्रथम हे कापड आहे तरी काय ते पाहू. मायक्रोफायबर म्हणजे अतिबारीक धागा. धाग्याची जाडी सांगण्यासाठी डेनियर हे माप आहे. ९,००० मीटर लांब धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनियरचा. आपल्या जवळच्या महेश्वरच्या साडीत जे रेशीम असते त्याचा मूळ तंतू एक डेनियरहून किंचित जाड असतो. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनियरहूनही बारीक. जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी १९७० मध्ये असे धागे काढण्याची रीत बसवली. आधी त्यापासून चामड्यासारखे दिसणारे कापड झाले, पुसण्याची फडकी नंतर आली.

या फडक्यात कापूस नसतो. बहुधा ८० भाग पॉलिएस्टर आणि २० भाग पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, असे मिश्रण असते. दोन्ही प्लॅस्टिकचीच भावंडे. एका धाग्यात ही दोन द्रव्ये एकत्र ओढतात आणि मग तो धागा संत्र्याच्या फोडी सुटाव्यात तसा उकलतात. त्या फोडींच्या धारा आणि मधल्या फटी हेच या कापडाचे खरे बळ. फटींत पाणी चढते, तेलकटपणा अडकतो, धूळ बसते. सुती फडके पुष्कळदा मळ इकडून तिकडे सारते, हे कापड मळ उचलते आणि धरून ठेवते.

दुकानदार सांगतो की याला साबण लागत नाही, नुसत्या पाण्याने पुसा. पुसताना ते बरेचसे खरे आहे. पण जंतू या कापडाने मरत नाहीत, ते फक्त जागा बदलतात. ओट्यावरून उचललेले सारे फडक्यात असते. ते फडके ओले चुरगाळून मोरीच्या कोपऱ्यात रात्रभर पडले की सकाळी त्यात कालच्यापेक्षा अधिक जंतू असतात, आणि आपण त्याच फडक्याने मुलांचे ताट पुसतो.

कापड जे धरते ते पुढे कोठे जाते, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. झाबुआ आणि धारकडच्या या पश्चिम पट्ट्यातील वयस्कर मंडळींना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या बावडीत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसवे असायचे आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्ले. ते पाणी प्यायले की वर्षभराने पायाला फोड येऊन हातभर, कधी दोन हात लांब दोऱ्यासारखी अळी बाहेर पडू लागे. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे. आग थंड करायला तो पाय पाण्यात बुडवी आणि बावडी पुन्हा नासे. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. सरकारने १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालवली. तिच्यात हातपंप होते, बावड्यांच्या पायऱ्या बंद करणे होते, पाण्यात औषध टाकणे होते, आणि घरोघरी होते ते साधे दुहेरी फडके. पाणपिसू कापडातून जात नाही, एवढाच त्यातला हिशेब. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले.

त्या फडक्याचा एक नियम होता. हंड्यावर बांधताना नेहमी तीच बाजू वर ठेवायची. उलटे बांधले तर काल अडकलेले पिसवे आज गाळलेल्या पाण्यात उतरणार, आणि न गाळलेले परवडले म्हणायची पाळी येणार.

बांगलादेशात मतलब भागातील ६५ गावांत असाच प्रयोग पटकीसाठी झाला. रीटा कोलवेल आणि अन्वर हक या शास्त्रज्ञांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळायला सांगितले. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. नवी साडी नको, जुनीच हवी, कारण वापरून धागे फुगतात आणि छिद्रे बारीक होतात. गाळून झाल्यावर साडी खळबळून धुवायची, शेवटचा हात गाळलेल्या पाण्याचा द्यायचा आणि उन्हात वाळवायची. (मायक्रोफायबरचे फडके मात्र पाणी गाळायला कधी वापरू नये. त्याचा रंग सुटतो आणि प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात उतरतात.)

आता मूळ तक्रारीकडे येऊ. फडके कडक का होते?

आपले राजगढ म्हणजे सरदारपूर तहसिलीतले, ब्यावऱ्याकडचे नव्हे. येथील जमिनीखाली माळव्याचा काळा पाषाण आहे. त्यातून झिरपून आलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे पाणी जड. जड पाण्यात साबणाची वडी घासली की फेस कमी होतो आणि पांढरट चिकट मळी तरंगते. सुती धोतरावर ती बसली तर धोतर थोडे करडे दिसेल, एवढेच. पण मायक्रोफायबरच्या त्या बारीक फटी मळीने बुजून जातात. फटी बुजल्या की पाणी चढायला जागा नाही, मळ धरायला जागा नाही. फडके कडक झाले म्हणतो ते हेच.

म्हणून या कापडाला साबणाची वडी लावू नये. डिटर्जंट पावडर किंवा पातळ डिटर्जंट थोडे घ्यावे. त्याची जड पाण्यात अशी मळी होत नाही. पाणी फारच जड असेल तर बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्यावा. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी धरून ठेवता आले तर त्याहून उत्तम, ते मऊ असते. पाणी हाताला सोसेल इतके गरम असावे. फडके अर्धा तास भिजू द्यावे, हाताने चोळावे, आणि फेस निघून जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावे. राहिलेले डिटर्जंटही फटी बुजवते, तेव्हा पावडर कमी आणि खळबळणे जास्त.

कपडे मऊ आणि सुवासिक करणारे जे द्रव मिळते ते यात घालू नये. ते धाग्यावर मेणासारखा थर देते. लोक फडके कडक झाले म्हणून तेच घालतात आणि फडके कायमचे निकामी करतात. ब्लीचिंग पावडरही नको, तिने नायलॉनचा भाग जिरतो. एखादे फडके आधीच कडक झाले असेल तर गरम पाणी व डिटर्जंटने धुऊन, मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरा शिरका घालून पाव तास ठेवावे आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढावे. चुन्याचा थर सुटतो. शिरका आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तर मुळीच नाही.

सुती टॉवेल आणि गोधड्यांबरोबर हे फडके धुऊ नये, कारण कापसाचा सगळा भुसडा हे ओढून घेते आणि मग काचेवर पसरवते. वाळवण्याबद्दलही तसेच. आपल्याकडे धुणे कुंपणावर, खळ्याच्या कडेला, गवतावर टाकायची सवय आहे. साध्या कपड्याला लागलेले कुसळ झटकले की पडते, मायक्रोफायबरला लागलेले कुसळ, गोखरू किंवा सोयाबीनचा भुसा निघता निघत नाही. पुढे त्याच कुसळाने ट्रॅक्टरची काच आणि सौर पट्टी ओरखडते. तारेवर टांगावे. उन्हात दोन-तीन तास पुरेत, हे पातळ कापड लवकर वाळते. दिवसभर पत्र्यावर तापत ठेवले तर उन्हाने धागा कुजतो. इस्त्री तर नकोच, प्लॅस्टिक ते, वितळणार.

सौर पंपाची पट्टी पुसताना एक सांभाळावे. आधी पाणी ओतून वाळूचे कण वाहू द्यावेत, मग फडके फिरवावे, तेही सकाळी पट्टी गार असताना. तापलेल्या काचेवर बोअरचे पाणी वाळले की चुन्याचे डाग बसतात.

गोठ्यातील गोष्ट याहून गंभीर आहे, तेथे जरा थांबू.

धार काढण्यापूर्वी कास धुऊन पुसावी हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुसतात कशाने? खुंटीवर एक फडके असते. त्याने पहिल्या गाईची कास पुसायची, तेच दुसऱ्या गाईला, तेच म्हशीला, मग पिळून पुन्हा खुंटीवर. संध्याकाळी तेच. गाईला दगडी, म्हणजे कासदाह, होतो तेव्हा आपण वासराला, नजरेला, ओल्या जमिनीला दोष देतो. ओल्या शेणात बसल्याने दगडी होते हे खरेच आहे. पण दगडीची काही जात अशी आहे की तिचे जंतू एका जनावराच्या सडातून दुसऱ्याच्या सडात जातात ते धार काढणाऱ्याच्या हाताने आणि त्या एका फडक्याने. आता कोणी त्या खुंटीवर मऊ मायक्रोफायबर टांगले तर काम अधिकच बिघडेल, कारण ते जंतू अधिक चांगले उचलते आणि घाईच्या धुण्यात सोडत नाही.

गोठ्यासाठी जुने सुती कापडच चांगले. ते उकळता येते आणि फाटले तर दुःख नाही. एक जुने नऊवारी लुगडे कापले तर फूटभर चौरस असे सत्तर-पंचाहत्तर तुकडे सहज निघतात. चार दुभती जनावरे असतील तर दोन वेळचे आठ तुकडे लागतात, म्हणजे एका लुगड्यात आठवड्याची सोय होऊन उरतात. एका जनावराला एक तुकडा, तो पुन्हा दुसऱ्याला नाही. वापरलेले तुकडे वेगळ्या डब्यात टाकावेत, डिटर्जंटने धुऊन दहा मिनिटे उकळावेत आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. ओले सड पुसून कोरडे करणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे. ओल्या सडावरून घाणेरडे पाणी ओघळून दुधात आणि सडाच्या तोंडाशी जाते. आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी. धार झाल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडे राहते, तेव्हा पुढ्यात वैरण टाकून गाईला उभी ठेवावी, शेणात बसू देऊ नये.

दगडी उघड दिसते तेव्हा सड सुजलेला असतो, दूध फाटलेले असते. पण पुष्कळदा ती लपलेली असते. दूध थोडे घटते आणि आपण म्हणतो गाय आटली. ही लपलेली दगडी आपल्याच धुण्याच्या पावडरीने ओळखता येते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम डिटर्जंट पावडर विरघळवावी. चारही सडांचे थोडे थोडे दूध चार वेगळ्या पांढऱ्या वाट्यांत घ्यावे, तेवढेच पावडरीचे पाणी त्यात घालून वाटी गोल फिरवावी. दूध पातळच राहिले तर सड निरोगी. मिनिटभरात ते चिकट, बुळबुळीत झाले तर त्या सडात दगडी आहे. रोगाशी लढायला शरीराने पाठवलेल्या पेशी दुधात आलेल्या असतात. डिटर्जंटने त्या फुटतात आणि दूध चिकट होते. १९५७ साली निघालेल्या कॅलिफोर्नियाच्या चाचणीचे तत्त्व हेच, आणि पाकिस्तानातील पशुवैद्यांनी घरगुती पावडर वापरून ती गरिबाच्या गोठ्यात आणली. तपासलेले दूध फेकून द्यावे. चिकट दूध दिसले तर पशुवैद्याला बोलवावे, मनाने सुया टोचू नयेत.

फवारणीच्या फडक्याबद्दल थोडक्यात पण निक्षून सांगायचे आहे. पंपाचे तोंड तुंबले की खांद्यावरच्या पंचाने पुसायचे आणि लगेच त्याच पंचाने कपाळाचा घाम पुसायचा, हे दृश्य खालच्या निमाडातील कपाशीत रोज दिसते. कपाळाची त्वचा औषध हातापेक्षा लवकर शोषते. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्याला कारणे अनेक होती, सगळा दोष कपड्यावर टाकता येणार नाही. पण अंगावरच्या आणि खांद्यावरच्या कपड्यात मुरलेले औषध दिवसभर अंगाला लागत राहते, हे साधे आहे. पंपाचे फडके वेगळे असावे, रंगाने ओळखू येणारे असावे आणि घरात येऊ नये. फवारणीचे कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, गरम पाणी व डिटर्जंटने धुवावेत, मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. बाटलीतले घट्ट औषध ज्या कापडावर सांडले ते कापड धुऊन वाचवण्याच्या फंदात पडू नये, टाकून द्यावे.

जाता जाता अळशीच्या तेलाबद्दलही सांगतो, कारण पुष्कळांना ते माहीत नसते. गाडीच्या लाकडाला किंवा दाराला अळशीचे तेल लावून झाल्यावर तेलाचे बोळे गोळा करून कोठीत फेकू नयेत. हे तेल वाळताना तापते. बोळा गच्च असेल तर ती उष्णता आत कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून उघड्यावर वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

घरात किती फडकी ठेवावीत? रंगांनी वाटणी केली तर भांडण होत नाही. ओट्याला एक रंग, मोरी-संडासाला दुसरा, गाडी-ट्रॅक्टरला तिसरा. रुग्णालयांतही अशीच रंगांची वाटणी करतात. वेदीवरची वस्त्रे सांभाळणाऱ्या भगिनींना यात नवे काही वाटणार नाही. चषक पुसण्याचे वस्त्र त्या आधी वेगळे हाताने धुतात, ते पहिले पाणी गटारात न सोडता जमिनीत ओततात आणि घरच्या धुण्यात ते कधी मिसळत नाहीत. तेथे कारण श्रद्धेचे आहे, पण वेगळे धुण्याची शिस्त हाताला असली की घरीही उपयोगी पडते.

धुण्याचे पाणी कोठे ओतायचे हेही पाहिले पाहिजे. मायक्रोफायबर दर धुण्याला थोडे झिजते आणि डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात सोडते. हे कुजत नाहीत. माही नदी आपल्याच सरदारपूर तहसिलीत उगम पावते आणि झाबुआ, राजस्थान करत गुजरातेत खंभातच्या आखाताला मिळते. आपण घाटावर जे सोडू ते आपल्यापासून खाली सर्वांना जाणार. तेव्हा ही फडकी नदीत किंवा विहिरीच्या थाळ्यावर धुऊ नयेत. बादलीत धुऊन ते पाणी विहिरीपासून दूर, फळझाड किंवा भाजी नसेल अशा जागी ओतावे. आणि जेथे जुन्या सुती चिंधीने काम भागते तेथे हे कापड काढूच नये. काच, पडदा, सौर पट्टी यांना ते खरे उपयोगी, जमीन पुसायला आईच्या लुगड्याचे पोतेरे काही वाईट नाही.

झिजलेल्या मायक्रोफायबर फडक्याचा मसोता करून तवा उतरवू नये. सुती मसोता फार तर करपतो, हे वितळून हाताला चिकटते आणि कातडे घेऊनच निघते. चुलीतही घालू नये, त्याचा धूर वाईट असतो. असे फडके शेवटी पंपाच्या नाहीतर डिझेलच्या कामाला लावावे, आणि एकदा तेथे लावले की परत घरात आणू नये.